तोर्तोराची उजवी बाजू

ओरेस्ते गारीनो दमला होता. काल-परवापासून नव्हे, चांगली सात-आठ वर्षं. पण तसं बोलून दाखवायची आमच्या तुरिनमध्ये रीत नाही. इथला माणूस सकाळी सहाला उठतो, कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्या-उभ्या कॉफी घशात ओततो, कामाला लागतो, आणि कुणी विचारलंच तर "चाललंय आपलं" एवढं म्हणतो. ओरेस्ते अडतीस वर्षं "चाललंय आपलं" म्हणत आला होता. त्याचा उजवा खांदा मात्र खोटं बोलायला तयार नव्हता. कोट चढवताना तो असा कळ मारायचा की पिएरा, त्याची बायको, रोज सकाळी बाही धरून उभी राहायची.

ओरेस्तेचं काम मातीचं. वाल्मेस्त्रा कंपनीत कुठलीही गाडी पत्र्याची होण्याआधी मातीची होते, अगदी खऱ्या मापाची. लोखंडी सांगाड्यावर फोम, फोमवर भट्टीत ऊन केलेली तपकिरी मेणमाती, आणि पाती घेऊन तिला खरवडत बसलेली आम्ही चार-पाच माणसं. हल्ली ढोबळ कोरायला यंत्र आलंय. पण यंत्र काढतं ती नुसती हाडं, वर कातडी चढवायला हातच लागतो. आणि त्या सगळ्या हातांत भरवशाचा हात ओरेस्तेचा, हे दरवानापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

हा हात त्याला बापाकडून आला. बाप चेलेस्तिनो गारीनो, निकेलिनो गावचा, गाड्यांचे लाकडी साचे करायचा. मोठा तिरसट माणूस. मुलाला त्यानं शिकवलं ते एवढंच: डोळे मीट आणि तळवा फिरव. डोळा लाच खातो, तळवा खात नाही. आमच्या मातीखान्यातली जुनी चाल याच माणसानं पाडली असं म्हणतात. चाल अशी: नमुना पूर्ण होत आला की पत्र्याच्या साचापट्ट्या, म्हणजे ज्या लावून आम्ही चित्रातलं माप मातीवर तपासतो त्या, सगळ्या गोळा करून कपाटात कुलूपबंद करायच्या. शेवटचा हात फक्त तळव्यानं, डोळे मिटून. पट्टी सरळ सांगते, पण उजेड वाकडं दाखवतो, म्हणून शेवटचा मिलिमीटर तळव्याचा. कॉम्प्युटरवर वाढलेली नवी पोरं याला हसतात. हसोत बापडी. मातीवर रंगाच्या जागी चंदेरी कागद ताणून बसवला आणि उजेड त्यावरून सुळकन पळाला की त्यांचीही तोंडं बंद होतात.

आता तोर्तोराबद्दल सांगायला हवं. तोर्तोरा म्हणजे होला, ते पाखरू. वाल्मेस्त्राची ही हॅचबॅक चाळीस वर्षं इथल्या घराघरांत आहे. हिच्यातूनच लोक लग्नाला गेले, बाळंतिणीला घरी घेऊन आले, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेलं. दिसायला काही विशेष नाही. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत खिडक्यांखालून गेलेली एक सरळ रेघ, आम्ही तिला खांदा म्हणतो, तेवढीच काय ती ओळख.

दर आठ-नऊ वर्षांनी ही गाडी नवी करायची वेळ येते, आणि कंपनीत दर वेळी तोच वाद पेटतो. जपून, थोडी-थोडी बदलायची, की पाटी पुसून नव्यानं काढायची? वर्षभर बैठका. एक बाजू म्हणते, लाखो घरांना ही गाडी रस्त्यावर लांबून ओळखू येते, ती ओळख पुसाल तर पायावर धोंडा पाडून घ्याल. दुसरी म्हणते, जग कुठं चाललंय आणि आपण आजीबाईंना पावडर लावत बसलोय. मग दोन्ही बाजूंची समजूत काढायला मातीची एकच गाडी करतात आणि तिच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या: डावी जपून केलेली, उजवी नवी. साहेब लोक एकदा इकडून चालतात, एकदा तिकडून, हनुवटी खाजवतात, आणि डावीवर बोट ठेवतात. डोंगर पोखरून उंदीर. नव्या गाडीत दिवे तेवढे बदललेले.

ओरेस्तेच्या हयातीत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा डावी बाजू त्याच्याकडं दिली गेली, आणि तिन्ही वेळा तीच जिंकली. उजव्या बाजू खरवडून परत भट्टीत गेल्या. तीन नव्या गाड्या त्यानं आपल्या डोळ्यांनी बादलीत पडताना पाहिल्या, आणि संध्याकाळी त्याच्याच पाठीवर शाबासकीच्या थापा पडल्या. पहिल्या खेपेला छाती फुगली. दुसऱ्या खेपेला बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला तो घरी येऊन जेवला नाही.

"पिएरा," तो म्हणाला होता, "मी तीच गाडी तिसऱ्यांदा केली गं."

"मी तीस वर्षं त्याच शाळेत तोच पास्ता उकडतेय," पिएरा म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. "मी रडतेय का?"

"तुझी खाणारी पोरं तरी बदलतात."

"बदलतात कसली! नाकं तीच, शेंबूड तोच. जेव मुकाट्यानं."

तर असा हा माणूस. पाचव्या तोर्तोराची वेळ आली तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता, निवृत्तीचा अर्ज देऊन बसलेला, सप्टेंबरात मोकळा होणार होता. या खेपेला वाद जरा जास्तच तापला होता, कारण गाडी खपेनाशी झाली होती. जवान जोडपी उंच-उंच गाड्या घेत होती आणि तोर्तोराला "नानीची गाडी" म्हणून हिणवत होती. नव्या बाजूचं चित्र काढलं होतं जिनेव्रा साल्वायनं. वय अठ्ठावीस, तीन वर्षांत तीन तात्पुरत्या करारांवर राबलेली, तिसरा करार मे महिन्यात संपणार. तिच्या चित्रात खांद्याची रेघ दिव्यापासून निघायची, मागच्या दारापाशी येऊन एकदम बुडायची, तिथं एक खोलगट खळगा, आणि चाकाच्या वर ती पुन्हा उगवायची. चाळीस वर्षं सरळ धावलेली रेघ तिनं मधेच तोडली होती.

आमच्या खात्याचे प्रमुख इंजिनिअर ब्रुत्सोने. ते मातीखान्यातल्या आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "गारीनो, डावी तुमची. सेकोंदीनो, उजवी तू घे." म्हणजे येरे माझ्या मागल्या.

ओरेस्ते खुर्चीतून उठला. "साहेब, डावी सेकोंदीनोला द्या. मला उजवी हवी."

सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडं पाहिलं. अडतीस वर्षांत या माणसानं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आधी हसला तो सेकोंदीनोच. "अरे गारीनो, साठी उलटल्यावर हे काय सुचलं? सासूला लिपस्टिक लावली म्हणून ती सून होत नाही!"

"तू तुझी सासू सांभाळ," ओरेस्ते म्हणाला. "साहेब, तीनदा ही गाडी केली. एकदा, फक्त एकदा, मी आधी न केलेली गाडी मला करायची आहे. मग खुशाल घरी बसेन."

ब्रुत्सोनेंनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. ताकही फुंकून पिणारा. पण म्हाताऱ्याला शेवटच्या वर्षी नाही कसं म्हणणार? "घ्या," ते म्हणाले. "बिघडवू नका म्हणजे झालं."

त्या रात्री जेवताना पिएराला हे कळलं तेव्हा तिनं चमचा खाली ठेवला. "खांदा उचलत नाही तुझा, आणि नवीन गाडी करायला निघालास? डावी तुला झोपेतसुद्धा आली असती."

"म्हणून तर नको," तो म्हणाला.

मग सहा आठवडे तो जिनेव्राच्या बाजूला भिडला. ती सकाळी यायची, काखेत चित्रांची गुंडाळी, हातात ग्रिसिनीचं, म्हणजे कडक पावाच्या काड्यांचं, पाकीट, कारण नाश्ता करायला तिला कधी वेळ नसायचा. दिवसभर त्या काड्या कुडुम-कुडुम चावत उभी राहायची. ओरेस्तेला ती "मोन्सू ओरेस्ते" म्हणायची. हे इथलं जुन्या वळणाचं, मान देऊन हाक मारणं, आता फक्त बाजारातल्या भाजीवाल्या तसं म्हणतात.

"मोन्सू ओरेस्ते, खळगा अजून खोल हवा."

"अजून? पोरी, यात आता कोंबडी अंडं घालेल."

"घालू दे. उजेड तिथं तुटायला हवा. गाडीजवळून जाणाऱ्याचा हात तिथं अडकायला हवा. त्याला वाटायला हवं, अरे, हे काय?"

"लोकांना 'अरे, हे काय' आवडत नाही. लोकांना 'हां, हेच ते' आवडतं. माझा सगळा जन्म त्यावर गेला."

"मग उजवी का मागितलीत?"

ओरेस्तेनं पातं फिरवायचं थांबवलं नाही. "कंटाळलो म्हणून," तो म्हणाला. आणि खरंच तेवढंच होतं. त्याच्या मनात काही क्रांती वगैरे नव्हती. सणाच्या दिवशी तरी वेगळी भाजी मिळावी असं वाटतं ना, तसंच.

तो राबला मात्र जिवापाड. माती भट्टीतून काढायची, ऊन असतानाच अंगठ्यानं दाबून बसवायची, गार झाली की आधी दातेरी पात्यानं, मग सपाट पात्यानं खरवडायची, पट्टी लावून पाहायची, पुन्हा माती. दुपारी कँटीनमध्ये त्याचा उजवा हात काटा तोंडापर्यंत नेईना, तर तो डाव्या हातानं जेवायचा. सेकोंदीनो टोमणे मारायचा, "नवी नवरी दमवते वाटतं!" ओरेस्ते हसायचासुद्धा. आम्हाला नवल वाटायचं. गेल्या कित्येक वर्षांत हा माणूस असा, थकलेला असूनही, सकाळी लवकर येऊन बसलेला कुणी पाहिला नव्हता. खळग्याला पट्टी लावून त्यानं स्वतः मापलं: सहा मिलिमीटर खोल, चित्रात होतं तंतोतंत तसं. जिनेव्रानं त्याच्या गालाचा मुका घेतला.

मग चालीप्रमाणं पट्ट्या कपाटात गेल्या. कुलूप लागलं. शेवटचे दोन दिवस ओरेस्तेचे, त्याच्या तळव्याचे आणि मिटलेल्या डोळ्यांचे. त्या दोन दिवसांत त्याच्याशी कुणी बोलत नाही, तीही चालच आहे. तो दिव्यापासून दारापर्यंत, दारापासून मागपर्यंत, पुन्हा पुढून, तळवा फिरवत राहिला. कुठं उंचवटा लागला की पातं, कुठं खाच लागली की मातीची चिमूट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हात पुसले आणि चंदेरी कागद ताणायला सांगितलं. दिवे लावले तेव्हा उजेड उजव्या बाजूवरून गेला, आणि मागच्या दारापाशी जरासा लाजल्यासारखा हलला. जिनेव्रा बघतच राहिली. "किती सुरेख," ती म्हणाली. सहा आठवडे तीच गोष्ट बघून-बघून तिचेही डोळे शिणले होते.

गुरुवारी निवाडा. वरचे सगळे साहेब आले, आणि त्यांच्यासोबत कंपनीनं बोलावलेली सहा घरं, ज्यांच्याकडं आज तोर्तोरा आहे अशी. त्यांत ब्रा गावच्या सिन्योरा आदेलिना होत्या. वय सत्त्याहत्तर, सुनेला आणि नातवंडांना घेऊन आलेल्या, चौथी तोर्तोरा चालवत होत्या. त्यांच्या दंडाला पिशवी होती. आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "चीज आणलंय, तुमच्या शहरात मिळतं ते चीज म्हणायचं का?"

सगळे आधी डावीकडून गेले. साहेबांनी माना हलवल्या. सिन्योरा आदेलिना दाराच्या नव्या तऱ्हेच्या मुठीपाशी थांबल्या, ती चाचपून पाहिली आणि पुढं गेल्या. मग मंडळी उजवीकडं आली. ओरेस्ते भिंतीला टेकून उभा होता, खांद्याची कळ दाबत. त्याचं सगळं लक्ष त्या बाईच्या हाताकडं होतं. त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा गाडीच्या खांद्यावर ठेवला. आयुष्यभर बाजारातून येऊन मागचं दार उघडायला त्या जशा गेल्या असतील, तशाच, बोलत-बोलत, हात गाडीवर ठेवून चालत गेल्या. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. हात कुठंच अडकला नाही.

"ही आपली!" त्या सुनेला म्हणाल्या. "ती पलीकडची काहीतरीच झालीय. ही मात्र आपली तोर्तोरा आहे. नवी दिसते, पण आपली आहे."

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. नवी, पण आपली! हे शब्द त्यांना किती वर्षं हवे होते, आणि कुठल्याही सल्लागाराला सुचले नव्हते. एकेकानं पुढं होऊन उजव्या बाजूवर हात फिरवला. प्रत्येक जण म्हणाला, बघा, नव्यानं सुरुवात करायला आपण उगाच घाबरत होतो. ब्रुत्सोने आनंदानं लालबुंद झाले. "जिनेव्रा!" त्यांनी हाक मारली. आजवर ते तिला "सिन्योरीना" म्हणत, नाव त्यांना आठवायचंच नाही. "जिनेव्रा, इकडं या, यांना सांगा तुमची कल्पना काय होती."

टाळ्या झाल्या. उजवी जिंकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उजवी जिंकली! सेकोंदीनोनं येऊन ओरेस्तेला मिठी मारली आणि म्हणाला, "हरलो बुवा, लिपस्टिक चांगली लागली." ओरेस्ते त्याच्या खांद्यावरून त्या गाडीकडं बघत होता. हात अडकायला हवा होता. त्या बाईचा हात तिथं अडकायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. कपाट उघडलं. मागच्या दाराची पट्टी काढली, कागद बाजूला केला, आणि खळग्यावर पट्टी धरली. पट्टी मधेच मातीला टेकली आणि तिच्या दोन्ही टोकांखाली फट राहिली. आतून पलीकडचा उजेड दिसत होता. त्यानं फटीत मापाची पट्टी घातली. सहा मिलिमीटर खोल खळग्यातले दोन उरले होते. चार त्यानं भरले होते. त्यानंच, डोळे मिटून, चिमूट-चिमूट. तळवा दर वेळी तिथं येऊन म्हणाला असणार, इथं खाच आहे, चुकलंय, बुजव. आणि त्यानं ऐकलं होतं. अडतीस वर्षं ऐकलं तसं.

त्याला आधी हसू आलं. मग तो सांगाड्याच्या कडेवर बसला. एक गाडी, फक्त एक, आयुष्यात न केलेली, एवढंच मागितलं होतं देवाकडं. देवानं दिलीसुद्धा. आणि या हातानं तिचं बुजवून-बुजवून तेच जुनं केलं. जित्याची खोड! त्याला त्या हाताचा असा राग आला की तो त्यानं मांडीखाली दाबून धरला.

मग तो उठला, भट्टी लावली, मातीचा गोळा आत ठेवला आणि पाती काढली. जिनेव्रा आली तेव्हा तो पट्टी हातात घेऊन तिची वाट बघत होता. तिच्या हातात आज ग्रिसिनी नव्हत्या, बारमधून आणलेलं क्रीमचं मोठं बिस्कूट होतं. रात्री झोपली असावी, चेहरा टवटवीत होता.

"पोरी, बस," तो म्हणाला.

"काय झालं? खांदा?"

"बस आधी."

त्यानं पट्टी लावून दाखवली. ती वाकली. फटीतून आलेला उजेड तिच्या गालावर पडला.

"किती?"

"चार. सहाचे दोन उरलेत. बुजवलं मी. मुद्दाम नाही, आईशप्पथ मुद्दाम नाही. माझ्या हातानं केलं." त्याचा आवाज चिरकला, तसा तो घाईनं पुढं बोलायला लागला. "पण ऐक. लेझर लावून मोजणारे सोमवारी येतात. माती ऊन होतेय. दोन तासांचं काम आहे, आणि या वेळी पट्टी लावून करतो, डोळे उघडे ठेवून, चाल गेली खड्ड्यात. ब्रुत्सोनेंना मी सांगतो. म्हणतो, म्हातारा झालोय, चुकलो. तुझ्यावर काही येणार नाही."

जिनेव्रा सरळ झाली. बिस्कुटाचा कागद तिनं नीट घडी करून खिशात ठेवला. "आणि मग ते सगळे पुन्हा येणार," ती म्हणाली. "पुन्हा हात फिरवणार."

"फिरवू देत."

"आणि हात अडकणार."

"अडकू दे की! अडकण्यासाठीच काढलीस ना? तूच म्हणालीस, लोकांना वाटायला हवं, अरे, हे काय!"

"म्हणाले होते," ती म्हणाली. "मोन्सू ओरेस्ते, मे महिन्यात माझा करार संपतो. काल संध्याकाळी साहेबांनी बोलावलं होतं. कायम करतो म्हणाले. आईला फोन केला तर ती रडली. मी तीन वर्षं तीन चित्रं काढली, तिन्ही बादलीत गेली. ही चौथी. राहू द्या ती तशीच."

"ही गाडी तुझी नाहीये, बाळ. ही माझी आहे. ही तीच आहे!"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की!"

"तुम्ही सप्टेंबरात घरी जाणार," ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे, अगदी सांभाळून, आजाऱ्याशी बोलतात तशी. म्हणूनच ते जास्त लागलं. "मला इथं राहायचंय."

ओरेस्तेच्या हातात पातं होतं. खळगा हातभर अंतरावर होता. त्यानं मनात आणलं असतं तर ती अडवू शकली नसती. पण आमच्यात एक गोष्ट पक्की आहे: रेघ चित्र काढणाऱ्याची. माती तिच्या मागून जाते. चुकून गेली तर गेली, मुद्दाम नाही जायची. त्यानं पातं टेबलावर ठेवलं.

"मग चित्राचं काय?" त्यानं विचारलं. "चित्रात सहा आहेत. सोमवारी मोजतील तेव्हा माती आणि चित्र जुळणार नाही."

"चित्र बदलते."

ती तिच्या टेबलापाशी गेली. कॉम्प्युटर लावला. पडद्यावर तिची गाडी आली, ती खरी, रेघ तोडलेली, मागच्या दारापाशी बुडणारी. सहा आठवडे ओरेस्ते तिला रोज बघत होता, पण आत्ता तो पडद्याजवळ वाकला. किती वेगळी होती ती! जिनेव्रानं खळग्यावर एक टिंब पकडलं आणि वर ओढायला लागली. हळूहळू, साडेपाच, पाच, साडेचार. खळगा भरत गेला.

"अगं, मी थकलोय ते समजू शकतो," ओरेस्ते म्हणाला. "पण तू? एवढ्यात?"

"चार मिलिमीटर तर आहेत, मोन्सू ओरेस्ते," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "चारच."

"हो," तो म्हणाला. "मला तर कधी एकदम चारही सोडावे लागले नाहीत. अर्धा-अर्धाच सोडला."

तिचा हात क्षणभर थांबला. त्याला वाटलं, आता ती मागं वळेल. मग टिंब दोनवर जाऊन बसलं आणि रेघ सरळ दिसू लागली.